मिक्सर लावला की टीव्ही का अडखळतो?

स्वयंपाकघरात चटणीसाठी मिक्सर लागला की हॉलमधल्या रेडिओवर बातम्यांऐवजी नुसती खरखर. पंख्याचं बटण बंद केलं की टीव्हीचा पडदा दोन सेकंद काळा, तोही नेमका शेवटच्या षटकात. फ्रिज सुरू होताना स्पीकरमधून 'टक्', आणि अँप्लिफायर लावल्यापासून बंद करेपर्यंत मागे एक संथ 'घूं'. असली तक्रार घेऊन माणूस दुकानात गेला की त्याच्या गळ्यात स्टॅबिलायझर पडतो, नाहीतर जाड सोनेरी टोकांची केबल, नाहीतर 'टीव्ही जुना झालाय, आता बदलाच' असा सल्ला. पैसे जातात, आवाज राहतो. कारण सोपं आहे: आवाज कुठून निघतो आणि कोणत्या वाटेनं येतो, हे कुणी पाहिलेलंच नसतं. ते पाहायला बहुतेक वेळा एक छोटा रेडिओ, थोडा वेळ आणि घरातल्या एका माणसाची मदत पुरते. आधी शोध, मग खरेदी, हा क्रम पाळला तर निम्मे उपाय फुकटात होतात.

खरखर निर्माण कशी होते

आपल्याकडची वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ही लहर शांतपणे वर-खाली होत असते तोवर रेडिओ-टीव्हीला तिचा त्रास नसतो. ती कुठेतरी अचानक तुटली किंवा झटक्यानं वाढली, की त्या झटक्यातून हजारो-लाखो हर्ट्झच्या लहरी बाहेर पडतात. घरात असे झटके देणाऱ्या वस्तू तीन जातींच्या.

पहिली जात ठिणगीची. मिक्सर, शिलाई मशीनची मोटर, ड्रिल, व्हॅक्यूम क्लीनर यांच्या मोटरीत फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बनचे दोन ब्रश घासत असतात. पट्टी बदलताना दर वेळी बारीक ठिणगी पडते. मिक्सरच्या बुडाच्या झरोक्यांतून अंधारात पाहिलं तर ही निळसर चमक दिसतेही. ब्रश झिजले की ठिणग्या वाढतात आणि त्यांच्याबरोबर खरखरही. त्यामुळे पूर्वी त्रास न देणारा मिक्सर आता देऊ लागला असेल, तर टीव्ही तपासण्याआधी मिक्सरचे कार्बन बदला. काम थोड्या पैशांचं आहे आणि मिक्सरचं आयुष्यही वाढतं. छताच्या साध्या पंख्यात किंवा जुन्या पद्धतीच्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये ब्रश नसतात. ते चालू असताना गप्प असतात आणि फक्त सुरू किंवा बंद होताना एकदा 'टक्' करतात.

दुसरी जात लहर कापणाऱ्यांची. पंख्याचा जो रेग्युलेटर अजिबात न अडकता गुळगुळीत फिरतो, तो बहुधा विजेची प्रत्येक लहर मध्येच कापून पंख्याचा वेग कमी करतो. हे सेकंदाला १०० वेळा होतं. वेग कमी ठेवला की पंखाही हलकासा गुरगुरतो, ती हीच खूण. उलट चार-पाच ठरावीक खटक्यांचा रेग्युलेटर बहुधा कपॅसिटरवर चालतो आणि असला त्रास देत नाही. दिवे मंद करणारे डिमर आणि गणपतीच्या आराशीतल्या लुकलुकणाऱ्या माळांची छोटी डबी यांचंही काम बहुतेक वेळा लहर कापूनच चालतं.

तिसरी जात आता सगळ्यात मोठी आहे. एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, लॅपटॉपचे अ‍ॅडॉप्टर, इंडक्शन शेगडी, बीएलडीसी पंखे, इन्व्हर्टर एसी आणि गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर या सगळ्यांत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. चांगल्या वस्तूत त्याच्या पुढे फिल्टर असतो. स्वस्तातल्या, बिननावाच्या वस्तूत खर्च वाचवायला पहिली कात्री या फिल्टरवरच चालते. अशा दिव्याची उधळण मीडियम वेव्हवर थेट पसरते. आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, नागपूर ५८५ वर आणि मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर ऐकणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या एफएमला तुलनेनं कमी त्रास होतो, कारण एफएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत नसून तिच्या वारंवारतेतल्या बदलात भरलेला असतो आणि खरखर मुख्यतः उंचीच बिघडवते.

रेडिओ घ्या आणि घरभर फिरा

सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर रेडिओ हे या कामाचं सर्वांत चांगलं हत्यार. तो मीडियम वेव्हवर लावा आणि दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा आणा, जिथे फक्त हलकी सळसळ ऐकू येते. आवाज थोडा मोठा करा आणि घरातून फिरा. स्विचबोर्ड, चार्जर, दिव्याचा होल्डर, वाय-फायच्या राउटरचा अ‍ॅडॉप्टर, सेट-टॉप बॉक्स अशा प्रत्येक वस्तूपाशी रेडिओ वीतभर अंतरावर नेऊन ऐका. निरोगी चार्जरपाशी रेडिओ थोडासा सूं करतो आणि हातभर लांब नेला की शांत होतो. बिघडलेला किंवा फिल्टर नसलेला चार्जर मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकापासूनच ऐकू येतो. प्लग काढल्याक्षणी आवाज गेला, तर चोर सापडला.

एवढ्यानं कळलं नाही तर एमसीबीची पाळी. एकानं रेडिओपाशी थांबावं, दुसऱ्यानं एकेक एमसीबी खाली करावा. कुठल्या एमसीबीनं आवाज थांबला ते कळलं की शोध एका-दोन खोल्यांपुरता उरतो. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद ठेवा, नाहीतर मेन बंद करूनही निम्मं घर चालूच असतं. सगळं बंद असताना सेलवरच्या रेडिओवर खरखर तशीच असेल, तर कारण घराबाहेर आहे.

ही उलटी चाचणीही करा. रेडिओ आधी विजेवर लावून ऐका, मग सेलवर. सेलवर खरखर नाहीशी झाली तर ती तारेतून येत होती. तशीच राहिली तर हवेतून येते. तारेतल्या खरखरीवर फिल्टर चालतो, हवेतल्या खरखरीवर अंतर. रेडिओच्या आत फेराइटची एक आडवी दांडी अँटेनाचं काम करते. त्यामुळे रेडिओ जागच्या जागी सावकाश फिरवला तर एखाद्या दिशेला खरखर खूप कमी होते आणि स्टेशन शाबूत राहतं. ही दिशा सापडली की रेडिओची जागा तीच ठेवा. यात एक पैसाही जात नाही.

वेळेची नोंदही कामाची असते. ठरावीक वेळानं येणारी 'टक्' फ्रिज किंवा गिझरच्या थर्मोस्टॅटची, सकाळी पाणी चढताना येणारी सोसायटीच्या पंपाची, लिफ्ट हलली की येणारी लिफ्टच्या मोटरची. दिवसा येते आणि सूर्य मावळला की जाते, अशी खरखर असेल तर सोलर इन्व्हर्टरकडे बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून घरांच्या गच्च्यांवर असे इन्व्हर्टर वाढत आहेत.

'घूं' वेगळी, तिचा उपायही वेगळा

खरखर आणि 'घूं' एक समजू नका. अँप्लिफायर, होम थिएटर किंवा साउंडबारमधून येणारा खोल, अखंड आवाज हा विजेच्या मूळ ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा, म्हणजे १०० हर्ट्झचा असतो. तो शोधण्याची रीत अशी: आवाजाचं बटण शून्यावर आणा. 'घूं' तशीच राहिली तर दोष अँप्लिफायरच्या आतला, बहुधा वाळलेल्या कपॅसिटरचा आहे. तो मेकॅनिककडे न्या. 'घूं' आवाजाबरोबर कमी-जास्त होत असेल तर ती जोडलेल्या केबलींमधून येते. अँप्लिफायर बंद करा, मागच्या सगळ्या इनपुट केबल काढा, मग चालू करून ऐका. शांत असेल तर बंद-चालू करत एकेक केबल परत जोडा. ज्या केबलीनं 'घूं' परत आली, ती वाट सापडली.

पुष्कळ घरांत ही वाट केबल टीव्हीच्या काळ्या वायरची निघते. अँप्लिफायरची अर्थिंग घरच्या तीन पिनच्या सॉकेटमधून जमिनीत जाते. केबलच्या वायरचं बाहेरचं जाळीदार आवरण जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या केबलवाल्याच्या अँप्लिफायरपाशी वेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडलेलं असतं. दोन अर्थिंगच्या दाबात थोडाफार फरक असतोच. मग त्या आवरणातून सतत थोडा प्रवाह वाहतो आणि स्पीकर त्यालाच संगीत समजून वाजवतो. पडताळणी सोपी आहे. सगळे प्लग काढा, सेट-टॉप बॉक्सच्या मागची काळी वायर सोडवून बाजूला करा, मग पुन्हा सगळं चालू करा. 'घूं' गेली तर त्या वायरीत बसवायचा केबल आयसोलेटर घ्या. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट असेल तर त्याहून सोपा उपाय हातात आहे. टीव्ही ते अँप्लिफायर ही जोडणी ऑप्टिकल केबलनं करा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे दोन अर्थिंगचं भांडण त्या वाटेनं पोहोचतच नाही.

जुन्या रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी जास्त काळजी घ्यावी. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून निघणारा सिग्नल साधारण ५ मिलिव्होल्टचा असतो. सीडी प्लेअर देतो तो २ व्होल्टच्या आसपास, म्हणजे चारशे पट. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली केबल सीडीला बाधत नाही, पण रेकॉर्डवरची मैफल खराब करते. प्लेअरची अर्थिंगची बारीक तार अँप्लिफायरच्या स्क्रूला घट्ट बसवा. सिग्नलच्या आणि विजेच्या तारा एकत्र बांधू नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

लोडशेडिंगच्या वेळी 'घूं' वाढत असेल तर इन्व्हर्टर बहुधा स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याची लहर गोलाईनं वर-खाली न होता एकदम वरून खाली उडी मारते. म्हणून पंखाही त्यावर गुरगुरतो. पुढच्या वेळी बदलताना साइन वेव्हचा घ्या.

पडदा काळा का पडतो

पंखा किंवा ट्यूबलाइट बंद करताना टीव्ही क्षणभर जातो, ही तक्रार अलीकडे फार ऐकू येते. पंख्याची मोटर आणि जुन्या ट्यूबचा चोक दोन्ही वेटोळ्यांचे असतात. वेटोळ्यातला प्रवाह अचानक तुटला की स्विचच्या पत्र्यांमध्ये ठिणगी पडते आणि एक मोठा झटका चहूकडे जातो. सेट-टॉप बॉक्स ते टीव्ही जाणारी एचडीएमआय केबल तो झटका अँटेनासारखा पकडते. डिजिटल चित्राला थोडा बिघाड चालतो, पण मर्यादा ओलांडली की ते अर्धवट दिसत नाही. चौकोन चौकोन होऊन थिजतं किंवा पूर्ण जातं. मग दोन्ही उपकरणं एकमेकांशी ओळख पटवून पुन्हा चित्र सुरू करतात, त्याला एक-दोन सेकंद लागतात. टीव्ही बिघडलेला नसतो.

यावरचे उपाय या क्रमानं करा. आधी तो स्विच बदला. जुन्या, सैल स्विचमध्ये ठिणगी मोठी पडते. मग एचडीएमआय केबल बदला: लागेल तेवढीच लांब, चांगल्या आवरणाची, आणि भिंतीतल्या विजेच्या पट्टीपासून दूर. एक मीटरचं काम असताना पाच मीटरची केबल वेटोळं करून टीव्हीमागे कोंबली असेल, तर तिथेच अर्धं उत्तर आहे. तरीही त्रास राहिला तर वायरमनला सांगून स्विचला स्नबर लावून घ्या. ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-टू वर्गाचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रोध यांची ही तयार जोडी. ती ठिणगीची धार बोथट करते. साधा कपॅसिटर इथे लावू नका. एक्स-टू वर्गाचाच हवा, कारण तो थेट मेनच्या विजेवर बसतो.

लॅपटॉपच्या किंवा मॉनिटरच्या केबलवर टोकाजवळ एक काळी जाड गाठ असते. ती फेराइटची. तशीच चिमट्यासारखी उघडणारी गाठ बाजारात मिळते. ती उच्च वारंवारतेची खरखर अडवते. तिच्यातून केबल एकदा नेण्याऐवजी तीन वेळा गुंडाळून नेली तर परिणाम जवळपास नऊ पट होतो, कारण तो वेढ्यांच्या वर्गानं वाढतो. पण ५० हर्ट्झच्या 'घूं'वर ही गाठ काहीही करत नाही. तिथे ती घेणं म्हणजे पैसे वाया.

वाय-फायवरून चित्रपट अडकत असेल आणि तेव्हाच मायक्रोवेव्ह चालू असेल, तर दोघांची वारंवारता जवळजवळ एकच आहे, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. ब्लूटूथ स्पीकरही तिथेच. टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडा, किंवा राउटर ते टीव्ही सरळ लॅन केबल टाका. पावसाळ्यात डीटीएचचं चित्र फाटतं त्याचा मात्र घरातल्या उपकरणांशी संबंध नाही. तो पावसाच्या थेंबांचा परिणाम आहे आणि सर थांबली की आपोआप जातो.

काय घ्यावं, काय घेऊ नये

स्टॅबिलायझर व्होल्टेज कमी-जास्त होण्यावर आहे, खरखरीवर नाही. उलट त्याच्या रिलेची टकटक नवी भर घालते. आजचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, मागच्या पट्टीवर तसं छापलेलं असतं. स्पाइक गार्ड विजेचा मोठा उसळता झटका खातो, पण आत वेगळा फिल्टर नसेल तर सततची खरखर तशीच पुढे जाऊ देतो. घ्यायचाच असेल तर खोक्यावर ईएमआय फिल्टर आहे असं स्पष्ट लिहिलेला घ्या, आणि तो टीव्हीपाशी नव्हे तर त्रास देणाऱ्या वस्तूपाशी लावून पाहा. उगमापाशीच अडवलेली खरखर घरभर पसरत नाही. एलईडी दिवे आणि चार्जर बीआयएसची नोंदणी खूण पाहून घ्या. ती खूण मुख्यतः सुरक्षेची आहे, पण जो उत्पादक ती घेण्याची तसदी घेत नाही तो फिल्टर तरी कशाला घालेल?

घराचं वायरिंग नव्यानं होत असेल तर टीव्ही-संगीताच्या कोपऱ्याला वेगळ्या एमसीबीवरून स्वतंत्र लाइन मागा. किचनच्या लाइनवरून हॉलचा सॉकेट काढू देऊ नका. त्या वेळी हा खर्च थोडा असतो, नंतर भिंत फोडावी लागते.

कारण घराबाहेर आहे अशी खात्री झाली, तर खांबावरच्या सैल जोडावर किंवा तडकलेल्या चिनी मातीच्या चिमणीवर (इन्सुलेटरवर) संशय घ्या. कोकण किनाऱ्यावर खारट दमटपणामुळे तिथे ठिणग्या पडतात. रात्री चमक दिसली किंवा चरचर ऐकू आली तर जवळ जाऊ नका. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर खांबाचा नंबर सांगून तक्रार नोंदवा. हा रेडिओचा प्रश्न राहत नाही, धोक्याचा होतो.

तिसरी पिन

शेवटी सर्वांत महत्त्वाचं. 'घूं' घालवण्यासाठी तीन पिनच्या प्लगची वरची जाड पिन काढा, असा सल्ला अजूनही दिला जातो, आणि कधी कधी आवाज जातोही. पण त्या पिनीबरोबर तुमचं संरक्षण जातं. उपकरणांतल्या फिल्टरचे कपॅसिटर आवाजाचा कचरा अर्थिंगमध्येच सोडतात. अर्थिंग नसेल तर धातूच्या बॉडीवर साधारण ११५ व्होल्ट तरंगत राहतात. बोट लावलं की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला की त्याचा दिवा मिणमिणतो, ते याचमुळे. त्या अवस्थेत प्रवाह अगदी थोडा असतो. आत एखादी फेजची तार सुटून बॉडीला लागली तर तो थोडा राहत नाही.

म्हणून इतर कुठलीही वस्तू घेण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. फेज-अर्थमध्ये शंभर-दीडशेच आले तर अर्थिंग तुटलेली आहे. ती दुरुस्त करा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या, आणि मग खरखर ऐका. पुष्कळ घरांत ती तेवढ्यानेच निम्मी होते. उरलेली घालवायला वरचे उपाय आहेत. तिसरी पिन कापण्याचा उपाय त्यांत नाही आणि कधीच नसावा.